खारफुटीचा डबा

दीपमाला तायडे मॅडमचा स्वभाव असा, की भाजीवाल्यानं माप बरोबर दिलं तरी त्या दोनदा तराजूकडे पाहायच्या. आज बरोबर कसं काय दिलं बुवा? अमरावतीच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली पर्समध्ये आणि पर्स मांडीवर. पोरं मागून हसायची. समोर हसायची कोणाची टाप नव्हती.

आता हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं. बाई एम.एस्सी.ला पहिल्या आल्या तेव्हा वर्गातल्यांनी त्यांचे पेपर कोणी तपासले याची चौकशी केली होती. नोकरी लागली तेव्हा 'जागाच राखीव होती' हे स्टाफरूममध्ये त्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं बोललं गेलं. आणि त्यांच्या स्वतःच्या गाइडनं त्यांचा प्रयोग मान्य करायच्या आधी तो आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा करायला लावला. बाकीच्या पोरांना नाही, फक्त यांना. बाईंनी तेव्हाच मनाशी गाठ बांधली, की आपल्या कामात बोट घालायला कोणाला फट म्हणून ठेवायची नाही. फटी बुजवता बुजवता त्या स्वतःच दुसऱ्यांच्या कामात बोटं घालून पाहायला लागल्या, ते मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी पोरगी म्हणजे रागिणी गावंडे. दर्यापूरच्या पुढं, अकोल्याच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर खारटाकळी नावाचं गाव आहे, तिथली. खारपाणपट्ट्यातलं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अशी तऱ्हा. अशा गावातली पोरगी समुद्राच्या खाऱ्या झाडांवर अभ्यास करते म्हणून कॉलेजात तिची गंमत व्हायची. 'घरचं मीठ कमी पडलं का गं?' असं मैत्रिणी विचारायच्या. ती हसण्यावारी न्यायची.

विषय मोठा नामी होता. कच्छच्या किनाऱ्यावर पाऊस नावापुरता, ऊन असं की भरतीचं पाणी चिखलावरच आटतं आणि मागं समुद्राहून जास्त मीठ राहतं. तशा जागी तिवराची झाडं उभी असतात. त्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर डोकं काढतात, आणि त्या मुळांवर काळपट हिरवी साल धरलेली असते. लोक तिला शेवाळ म्हणतात. खरं पाहता ते जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. उन्हावर जगतात, हवेतला नत्र धरून झाडाला पोसतात. एकाच मुळावर टोकाला एक जात, मधे दुसरी, चिखलालगत तिसरी. अशा कोरड्या किनाऱ्यावर कोण कुठं राहतं आणि किती जातीचं राहतं, हे रागिणीला शोधायचं होतं. कच्छला ती दोनदा जाऊन आली होती, मांडीपर्यंत चिखलात उतरून.

मुळांचे तिनं दोन संच आणले होते. एक ओला, बाटल्यांमधला. दुसरा वाळवलेला, कारण हे जिवाणू भारी चिवट, वर्षभर सुकून पडले तरी पाणी मिळताच उठून बसतात. कच्छहून परतताना पोरीला गाडीतच ताप भरला. बाप अकोला स्टेशनावर घ्यायला आला होता, त्यानं तिला थेट गावी नेलं. ओल्या बाटल्या तेवढ्या कॉलेजात पोचत्या केल्या. वाळका संच गावीच राहिला.

मग मे महिन्यात कॉलेजातली वीज गेली आणि चांगले दोन-तीन दिवस आलीच नाही. मे महिन्यातलं अमरावती, त्यात बंद खोली! ओला संच शिजून निघाला. रागिणी तेव्हा प्रशिक्षणाला पुण्याला गेलेली आणि बाई बी.एस्सी.ची पोरं घेऊन सेमाडोहच्या जंगलात. लॅब अटेंडंट शालिकरामचा फोन आला तसा बाईंनी तिथूनच रागिणीच्या घरी फोन लावला, आई आशाबाईंशी बोलल्या, आणि घरी ठेवलेला नमुना डब्यात घालून एसटीनं पाठवायला सांगितलं. आपल्याकडे खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांचे जेवणाचे डबे कंडक्टरच्या हाती येतातच, त्यात हा एक. शालिकरामनं स्टँडवरून डबा आणला. बाई परतल्यावर त्यांनी तो स्वतः उघडला. आत मुळं नव्हती, नुसत्या काळ्या, कुरकुरीत खपल्या होत्या. पोरीनं मुळांवरची साल आधीच खरवडून ठेवलेली दिसते, बाईंना वाटलं, आणि त्यांनी नव्या फ्लास्कमध्ये ती खपली सोडली. एवढ्या संशयी बाई, पण त्या दिवशी संशय म्हणून आला नाही. आता बोला!

पावसाळाभर फ्लास्क हिरवे होत गेले. त्यातला नमुना जनुकं तपासायला पुण्याच्या एका कंपनीकडे गेला, आणि दिवाळीच्या तोंडावर अहवाल ईमेलनं आला.

बाईंनी तो वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग उठून खोलीचं दार आतून लावलं.

कारण समुद्राकाठच्या जातींचा त्यात पत्ताच नव्हता. ज्या जाती निघाल्या होत्या, त्या अकोल्याच्या डॉ. खुशालराव देशमुखांनी काही वर्षांपूर्वी जाहीर केल्या होत्या. खुशालरावांचा सगळा जन्म पूर्णेच्या खाऱ्या जमिनीतले सायनोबॅक्टेरिया धुंडाळण्यात गेला. थोडक्यात, कच्छच्या मुळावर पूर्णाकाठची माती निघाली होती.

"समुद्रात पूर्णा कुठून आली?" बाई स्वतःशीच बोलल्या.

आणि पूर्णाकाठची कोण? रागिणी.

बाईंच्या डोक्यात दोनाला दोन जोडले गेले, ते इतके पटकन की मधे थांबायला जागाच उरली नाही. पोरीकडून वाळका संच खराब झाला असणार किंवा हरवला असणार. आईच्या हातून डबा जातोय म्हटल्यावर तिनं पुण्यातून घरी सांगितलं असणार, की शेतातलं काहीतरी भरून दे, मॅडमला काय कळतंय! बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. मॅडमला काय कळतंय?

दुसरा कोणी असता तर त्यानं पोरीला समोर बसवून सरळ विचारलं असतं. पण बाईंचा नियम होता की चोराला विचारलं की चोर सावध होतो. त्यांनी आडून आडून सुरू केलं.

"रागिणी, कच्छचा चिखल कसा असतो गं?"

रागिणी काचेची नळी धूत होती. तिनं चमकून पाहिलं. "मॅडम, फोटो दाखवले होते नं मी तुमाले."

"फोटो राहू दे. तू सांग."

"आपल्या काळ्या मातीसारखाच. पाय धरला की सोडत नाही."

आपल्या मातीसारखा! बाईंनी हे नेमकं धरून ठेवलं. समुद्राचं विचारलं तर हिला आपली माती आठवते. बरोबरच आहे, जे भरलं तेच तोंडात येणार.

मग त्यांनी तिचे कच्छचे फोटो मोठे करून पाहिले. फोटोत पोरगी होती, तिवरं होती, चिखल होता. म्हणजे गेली होती खरी. पण गेली होती म्हणून मुळं जपलीच असतील असं थोडंच आहे? ज्या गोष्टीनं संशय फिटावा, तिनं तो आणखी घट्ट व्हायला लागला. असं व्हायला लागलं की माणसानं ओळखावं आपलं काहीतरी बिनसलंय म्हणून. बाईंनी नाही ओळखलं.

उलट त्यांना रोज नवीन काहीतरी दिसायला लागलं. रागिणी एकटी असली की नेमके तेच फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. एकदा दाराच्या काचेतून बाईंनी पाहिलं, तर ती मोबाइलनं त्यांचे फोटो काढत होती. बाई आत शिरताच तिनं मोबाइल ओढणीखाली घेतला.

"काय चाललंय?"

"काही नाही मॅडम. पाहून राहिली होती."

काही नाही म्हणताना पोरीचा आवाज बसला होता. पूर्वी ती जेवणाचा डबा उघडला की मॅडमना हाक मारायची, आईच्या हातचं पिठलं पुढं करायची. हल्ली कोपऱ्यात पाठ करून जेवायची. बाईंनी तेही हिशेबात धरलं. ज्याच्या पोटात पाप, तो अन्न समोर कसं करणार?

शेवटी शालिकरामनं एक गोष्ट सांगितली आणि सगळ्यावर कळस चढला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, तो सहज बोलून गेला.

"गावंडे मॅडम काल अकोल्याले गेल्त्या. खुशालराव सरांकडे. सोबत लहानी बाटली होती, पर्समंदी."

बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. म्हणजे खोटा नमुना भरला तो भरला, वर तो खुशालरावांना नेऊन दाखवला! उद्या ते म्हातारं भर सभेत उठून सांगणार, की दीपमाला तायडे आमच्याच शेतातली माती कच्छची म्हणून खपवतात. जे ऐकायला लागू नये म्हणून त्या पंचवीस वर्षं कुलपं लावत आल्या, ते आता साऱ्या विदर्भाला ऐकू जाणार होतं.

त्या तशाच प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सोमवारी समिती बसवतो," ते म्हणाले. "नमुना खोटा ठरला तर नोंदणी रद्द करावी लागेल. आणि मॅडम, एकदा असं झालं की त्या मुलीला पुढं कोणी गाइड मिळत नाही. तुमची खात्री आहे ना?"

"शंभर टक्के," बाई म्हणाल्या.

पण घरी आल्यावर त्यांना झोपावंसं वाटेना की जेवावंसं वाटेना. प्राचार्यांचा तो शेवटचा प्रश्न कुसळासारखा टोचत होता. खात्री होती, पुरावा नव्हता. समितीत कोणी विचारलं की माती कुठून आणली, तर बोट दाखवायला जागा हवी. म्हणून रविवारी सकाळी बाईंनी गाडी काढली आणि वलगावच्या रस्त्यानं दर्यापूरकडे निघाल्या. त्या पोरीच्या शेतातून चिमूटभर खपली आणायची, फ्लास्कमधल्याशी जुळवायची, की झालं.

वाटेत कपाशी फुटली होती, वेचणीच्या बाया वावरात वाकल्या होत्या. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. तिथं गेल्यावर काय थाप मारायची, त्याची जुळवाजुळव चालली होती.

गावंडेंचं घर गावाच्या कडेला होतं. आशाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गाडीतून उतरलेली बाई कोण ते कळल्यावर त्या अशा लगबगीनं उठल्या की सुपातल्या शेंगा भुईवर.

"अवं माय! मॅडमबाई! या बाप्पा, या. सांगून तं यायचं. रागी तिच्या बाबांसंगं वावरात गेली, येईनच एवढ्यात."

"दर्यापूरले लग्न होतं. म्हटलं जाता जाता भेटावं," बाईंनी ठरवलेली थाप मारली. दिवाळी तोंडावर आली, तुळशीचं लग्न लागायचं बाकी, आता कुणाचं लग्न! पण आशाबाईंना तसं काही सुचलं नाही. पाहुणी आली, एवढंच त्यांना दिसलं.

त्यांनी चहा टाकला. टाकताना विहिरीच्या पाण्याच्या माठाला हात न लावता आतून कॅन काढली. "आमच्या पान्याचा च्या नासते बाई. पाव्हन्यासाठी गोडं पानी ठेवतो आमी." दोन कप आले. बाईंनी सवयीनं दोन्ही कपांकडे पाहिलं. आपल्याला वेगळा तर नाही ना? दोन्ही एकाच जोडीतले होते आणि आशाबाई मांडीला मांडी लावून शेजारीच बसल्या. बाईंना जरा ओशाळल्यासारखं झालं, पण कामाला आलोय हे त्यांनी स्वतःला बजावलं.

"ताई, तुमची खारी जमीन पाहायची होती. कुठल्या बाजूनं आहे?"

आशाबाई हसायला लागल्या. "तिच्यात काय पाह्याचं? तुमाले पाठवली नं म्या डबाभर."

इतक्या सहज? चोरीचा माल असा हसत हसत कोणी कबूल करतं का?

"काय पाठवलं होतं?" त्यांनी जपून विचारलं.

"खारफुटी. तुमीच तं म्हटलं होतं फोनवर. तुमचा आवाज तुटून राहिला होता, मले काही समजेना. मंग तुमी जोरानं ओरडल्या, 'खारफुटी, खारफुटी पाठवा, घरची खारफुटी!' म्या म्हटलं, बाप्पा, एवढी काय घाई! यायले, रागीच्या बाबांले, पाठवलं, तं म्हनते, 'कायले पाहिजे मॅडमले खारफुटी?' म्या म्हटलं, मॅडमचा अभ्यासच खाऱ्याचा हाय, आपल्याले काय करायचं? उन्हातान्हात जाऊन खरवडून आनली. पुरली नं? अजून पाहिजे का?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी खारफुटी कशाले म्हणता?"

"आता घ्या! एवढ्या शिकल्या तुमी." आशाबाईंनी हातानंच जमीन दाखवली. "ते खार फुटून वर येते नं जमिनीतून, पांढरी पांढरी? मंग तिच्यावर ओल लागली की काळी खपली धरते. तिलेच खारफुटी म्हनतेत. तथी काही पिकत नाही. मले तं नवल वाटलं, हे डब्यात भरून मागते म्हनून."

कॉलेजात, पुस्तकात, सरकारी पाट्यांवर खारफुटी म्हणजे समुद्राकाठचं तिवराचं बन. बाईंच्या तोंडात तो शब्द इतका बसलेला, की त्याला दुसरा अर्थ असू शकतो हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि या बाईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिच्या दारात खार फुटत होती, तीच तिनं दिली. हुकूम कोणाचा? खुद्द दीपमाला तायडेंचा. डबा कोणी उघडला? त्यांनीच. मुळं नाहीत हे पाहून खपली फ्लास्कमध्ये कोणी घातली? त्याही त्याच. पोरीचा यात हात होता कुठं? ती पुण्याला होती.



"मंग ताई, रागिणीनं कच्छहून आणलेलं... ते कुठी आहे?"

"मुळ्या?" आशाबाई म्हणाल्या. "त्या तं हायेत. मले म्हटली होती, आई, या मुळ्यांले हात नको लावू. म्या बियाण्याच्या कोठीत ठेवल्या, उंदरं लागतीन म्हनून. मुळ्या पाहिजे होत्या का तुमाले? मंग मुळ्या नाही म्हनायचं का?"

त्या आत गेल्या आणि कापडात बांधलेलं पुडकं घेऊन आल्या. बाईंनी गाठ सोडली. बोटभर लांबीची वाळकी मुळं, प्रत्येकाला दोरा, दोऱ्याला रागिणीच्या अक्षरातली चिठ्ठी, आणि सालीवर तो काळपट हिरवा रंग जसाच्या तसा. एकही खपली सांडलेली नव्हती. कच्छचा खारट वास अजून येत होता. बाईंना एकदम रडू आलं. ते त्यांनी गिळलं, पण आशाबाईंनी पाहिलंच.

"काय झालं बाई? माया हातून काही बिघडलं का?"

थाप मारायची तर अजून वेळ होती. पण बाईंना ती मारवली नाही.

"तुमच्या हातून काही नाही बिघडलं ताई. चूक माझी झाली. त्या डब्यामुळं मले वाटलं, रागिणीनं खोटा नमुना भरला. उद्या कॉलेजात तिची चौकशी आहे. तिचं नाव कमी करणार होते. मी... मी पुरावा शोधाले आली होती."

आशाबाईंना हे आत जायला वेळ लागला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, समोरच्या कपांकडे पाहिलं.

"म्हंजे तुमी पाव्हन्या म्हनून नाही आल्या?" त्या म्हणाल्या. "माया पोरीची झडती घ्यायले आल्या?"

बाईंनी मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आशाबाईंनी एकही दिली नाही. उठून सांडलेल्या शेंगा सुपात भरायला लागल्या.

दारात रागिणी उभी होती. डोक्याला दुपट्टा, पायाला माती. किती वेळची उभी होती कोण जाणे, पण सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. बाईंच्या हातातलं पुडकं पाहून तिचे डोळे मोठे झाले.

"हे इथंच होतं?" ती आईला म्हणाली. "मंग मॅडमनं काय भरलं फ्लास्कमंदी?"

"खारफुटी," आशाबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "म्या पाठवली. मले काय माहीत..."

रागिणी ओट्यावर बसली. खूप दिवसांपासून धरून ठेवलेलं काहीतरी सुटल्यासारखा तिनं श्वास सोडला आणि मग हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता.

"मॅडम, खरं सांगू का? मले तं तुमच्यावर संशय होता."

"माझ्यावर?"

"हो. पुण्याहून आली तं आई म्हणे डबा पाठवला, आणि इकडे फ्लास्क भरलेले. पाहाते तं त्यात आपल्या वावरातलं दिसून राहिलं. माया हातातली मुळं, मले कळत नाही का? मले वाटलं, ओला संच गेला, वाळकाही खराब निघाला, पेपर लवकर निघाला पाहिजे म्हणून तुमीच दुसरं काही भरलं. मी किती दिवस झोपली नाही. शेवटी बाटली घेऊन खुशालराव सरांकडे गेली. तुमचं नाव नाही घेतलं मी. फक्त विचारलं, हे काय आहे म्हणून."

दोघी एकाच खोलीत, एकाच फ्लास्कवर वाकलेल्या, आणि एकमेकींना चोर समजत होत्या! दुसऱ्या कोणाचं असतं तर बाई पोट धरून हसल्या असत्या.

"तू मले विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. म्हटल्याबरोबर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

"मी कशी विचारू?" रागिणीचा आवाज चढला. "तुमी गाइड. मी तोंड उघडलं आणि तुमाले राग आला असता, तं माये चार वर्षं गेले असते. मी भ्याली. माया हाती काही नव्हतं. पण तुमी काहून नाही विचारलं, मॅडम? तुमाले कोणाचं भेव होतं?"

आशाबाईंनी सूप खाली ठेवलं.

बाईंना उत्तर ठाऊक होतं. तरुणपणी गाइडच्या टेबलासमोर त्या उभ्या होत्या, आणि तो त्यांचा प्रयोग परत मांडायला लावत होता. त्यांनाही तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. लोकांनी आधी ठरवलं आणि मग पुरावा शोधला. तेच आज त्या या ओट्यावर बसून करत होत्या, त्याच पोरीच्या घरचा चहा पीत.

"विचारलं असतं तरी मी तुझं खरं धरलं नसतं, रागिणी," त्या म्हणाल्या. "म्हणून नाही विचारलं. खोटं कशाले सांगू? माझं चुकलं. फार चुकलं."

त्यांनी तिथंच प्राचार्यांना फोन लावला. स्पीकर चालू केला, मायलेकींना ऐकू जावं म्हणून. "सर, समिती बसवू नका. नमुना चुकला तो माझ्या हातून. फोनवर मी सांगितलं, डबा मी उघडला, फ्लास्क मी भरले. रागिणीचा खरा नमुना सुरक्षित आहे. हो, मी लेखी देते. नाही सर, तिची काहीही चूक नाही. खुशालराव सरांनाही मीच कळवते." प्राचार्य म्हणाले, "पण तुमची तर शंभर टक्के खात्री होती." बाई हो म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आशाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "झालं नं मंग," त्या म्हणाल्या. "मिटलं. जेवून जा बाई आता. रागी, पानं घे."

रागिणीनं आत जाऊन पानं घेतली. जेवणात कोणी वाकडा शब्द काढला नाही. वावरातून आलेल्या रागिणीच्या बाबांना, जानरावांना, आशाबाईंनी मॅडम सहज आल्या एवढंच सांगितलं. बाईंना ते फार लागलं.

निघताना त्या गाडीपाशी थांबल्या. रागिणी पोचवायला आली होती, पुडकं तिच्या हातात.

"दे इकडं," बाई म्हणाल्या. "मी आजच नेऊन ठेवते. नवे फ्लास्क उद्या सकाळी लावून टाकू. ही मुळं उठतील बघ, काही बिघडलेलं नाही."

त्यांनी हात पुढं केला. रागिणीनं पुडकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त पुडक्यावरची गाठ परत एकदा चाचपून पाहत होती.

"उद्या मीच आणीन, मॅडम," ती म्हणाली. "माया हातानं. आणि फ्लास्क भरताना शालिकराम भाऊंलेही उभं ठेवू."

बाईंचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला, बरं म्हटलं आणि गाडी सुरू केली.